सरकारनं साखरेवर आणि अरबटचरबट खाण्यावर निर्बंध घालावेत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाळेजवळ तुमचं किराणा-जनरलचं दुकान, माढ्याकडे वडिलांचा सहा एकर ऊस, आणि मिसेस शिक्षिका. त्या म्हणतात, बिस्किटं-कोल्ड्रिंकवर सरकारनं कडक निर्बंध आणावेत. वडील म्हणतात, साखरेला हात लावला की ऊसवाला मेला. तुम्हाला वाटतं, माणसानं काय खावं हे सरकारनं सांगूच नये. आणि तिघांत बरोबर कोण, असं विचारताय.

मी डॉक्टर नाही. अन्न निरीक्षक म्हणून नोकरीला लागलो. ऑगस्ट २०११ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि त्याच खुर्चीचं नाव 'अन्न सुरक्षा अधिकारी' झालं. आता निवृत्त आहे. नोकरीतला बराच काळ सोलापूर जिल्ह्यात गेला. त्यामुळे साखरेनं शरीरात काय होतं यापेक्षा कायदा कुठे चालतो आणि कुठे फसतो, यावर मी जास्त खात्रीनं बोलू शकतो.

पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती थेट तुमच्या गल्ल्याशी निगडित आहे. निर्बंध 'यावेत का' असं तुम्ही विचारताय, पण तुमच्या दुकानासाठी ते आलेले आहेत. शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दलचे केंद्राचे नियम २०२० मध्ये निघाले आणि २०२१ पासून लागू झाले. शाळेच्या आवारात, आणि शाळेच्या गेटपासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत, जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही करता येत नाही. हे तुमच्या कानावर आलं नसेल तर नवल नाही, मला भेटलेल्या बहुतेक दुकानदारांच्या कानावर ते नव्हतंच. त्याकडे शेवटी येतो.

आता मूळ प्रश्न. 'निर्बंध' या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि भांडण तिथेच सुरू होतं. बंदी वेगळी, कर वेगळा, पुड्यावर काय छापायचं ते वेगळं, जाहिरात वेगळी आणि कारखान्यात पदार्थ बनतानाच घातलेली मर्यादा वेगळी. जुलै २०२५ मध्ये 'समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार' अशी बातमी फिरली होती, आठवत असेल. प्रत्यक्षात केंद्राचं पत्र होतं ते कार्यालयांमध्ये तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावण्याबद्दल. फेरीवाल्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा लावायला सांगितलेलं नाही, असा खुलासाही आला. पण तोवर आमच्या कट्ट्यावर सव्वीस जानेवारीच्या जिलेबीचं श्राद्ध घालून झालं होतं.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एक पालक संत्र्याच्या चवीच्या पेयाची बाटली घेऊन ऑफिसात आले. मुलाचं वजन वाढत होतं, मुलगा रोज एक बाटली पीत होता. 'यात नुसती साखर आहे, केस करा.' मी रीतसर नमुना घेतला. नमुन्याचे चार भाग करतात, प्रत्येकाला सील लागतं, एक विश्लेषकाकडे जातो आणि चौदा दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. अहवाल आला: मानकानुसार. रंग मर्यादेत, टिकवण्यासाठीचं रसायन मर्यादेत, लेबल ठीक. साखर भरपूर होती, पण साखर काही भेसळ नव्हे. ते अहवाल वाचून म्हणाले, 'म्हणजे विष नाही एवढंच तुम्ही बघताय व्हय?'

मी त्यांना चहा पाजला, उत्तर दिलं नाही. कारण ते बरोबर बोलत होते. आपल्या अन्नकायद्याची नजर पिढ्यान् पिढ्या भेसळीवर तयार झाली आहे. दुधात पाणी, हळदीत रंग, तुपात डालड्यासारखं वनस्पती तूप. पदार्थ शुद्ध आहे का, हे तो विचारतो. किती आहे, कुणाच्या पोटात जातंय, दिवसातून किती वेळा, हे विचारायची त्याला सवय नाही. आणि आजचा त्रास शुद्ध पदार्थांचाच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहूनही जास्त. एवढी माणसं भेसळीनं आजारी पडलेली नाहीत.

वडिलांचं म्हणणं आधी घेतो. ते रागावले तरी चालतील. साखर हा आपल्या देशात सगळ्यात जास्त नियंत्रण असलेल्या पदार्थांपैकी एक आहे. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं, २०२५-२६ च्या हंगामाला ती सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये धरली. कारखान्यानं किमान कितीला साखर विकायची, तेही सरकार ठरवतं. २०१८ मध्ये किलोला २९ रुपये होते, २०१९ मध्ये ३१ केले. महिन्याला किती साखर बाजारात सोडायची याचा कोटा असतो, निर्यातीला परवानगी लागते. म्हणजे शेतापासून पोत्यापर्यंत पावलोपावली कायदा आहे. पोतं बिस्किटाच्या किंवा कोल्ड्रिंकच्या कारखान्यात उघडलं, की पुढे साखर किती घालायची हे विचारणारं कुणी नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, म्हणून 'साखरेवर नियंत्रण' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण नियंत्रण ही उसाला नवी गोष्ट नाही.

आणि उसाच्या दराला खरा धक्का कुठून बसतो, हे वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक मर्यादा आणली, तेव्हा कारखानदारांची काय धावपळ उडाली ते जिल्ह्यानं पाहिलं. निर्यात बंद, निर्यात थोडी चालू, पाऊस कमी, उजनी धरण उणे. शीतपेयात दोन चमचे साखर कमी झाली म्हणून माढ्यातला ऊस वाळत नाही. परिणाम शून्य होईल असं म्हणत नाही, पण तो हळूहळू होईल. त्याला सामावून घ्यायला वेळ मिळतो. इथेनॉलच्या परिपत्रकात तो मिळत नाही.

आता कर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मेक्सिकोनं जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास घटली, आणि गरीब घरांत जास्त घटली. म्हणजे कर चालतो. ब्रिटननं वेगळी शक्कल लढवली. मार्च २०१६ मध्ये घोषणा केली, अंमल एप्रिल २०१८ पासून. सुरुवातीला १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नव्हता, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स होता, ८ च्या वर २४ पेन्स. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी मुकाट्यानं साखर कमी केली. त्या गटातल्या पेयांमधली सरासरी साखर काही वर्षांत ४० टक्क्यांहून जास्त उतरली. गिऱ्हाइकाला कुणी उपदेश केला नाही, दुकानदाराकडे कुणी अंतर मोजायची टेप घेऊन गेलं नाही. जे काही झालं ते कारखान्याच्या टाकीत.

आपल्याकडे काय आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. फसफसणाऱ्या शीतपेयावर ४० टक्के. वाटतं, वा, साखरेवर कर! पण साखर नसलेल्या 'झिरो' बाटलीवरही तेच ४०. उलट, फसफसत नाही असं आंब्याचं पेय, ज्यात साखर तेवढीच किंवा काकणभर जास्त असते, ते १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून ५. पाकिटबंद फरसाण १२ वरून ५. म्हणजे आपला कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे. साखर निम्मी केली म्हणून कंपनीला एक पैसा वाचत नाही, मग ती का करेल?

त्यामुळे 'कर लावावा का' याला माझं उत्तर: ग्रॅमवर लावणार असाल तर होय. पदार्थाच्या नावावर लावणार असाल तर त्याचा उपयोग फक्त तिजोरीला. हे दिल्लीतच व्हायला हवं. केरळनं २०१६ मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावून पाहिला होता, पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरघळला. आणि एका राज्यानं बंदी घातली तर काय होतं, ते सोलापूरकराला सांगायला नको. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे, आणि अक्कलकोटच्या पुढे कर्नाटक आहे. डेन्मार्कनं २०११ मध्ये लोणी-मांसातल्या चरबीवर कर लावला, तर लोक हद्द ओलांडून जर्मनीतून सामान आणू लागले. जानेवारी २०१३ मध्ये तो गुंडाळावा लागला.

पण करावर माझा एक आक्षेप आहे आणि तो सोलापुरात जास्त लागू पडतो. पूर्व भागात लूमच्या कारखान्यात रात्रपाळीला तपासणीसाठी गेलो होतो, कारखान्याला लागून असलेल्या एका टपरीची तक्रार होती. पहाटे अडीचला यंत्रांच्या खडखडाटात माणसं एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात खारी घेऊन उभी. ती चैन नव्हती, ते जेवण होतं. बिड्या वळणाऱ्या बायकांचंही सकाळचं तेच, चहा आणि पाच रुपयांचा पुडा. भाकरी थापायला वेळ लागतो, इंधन लागतं, आणि हजार बिड्या संध्याकाळी मोजून द्यायच्या असतात. बिस्किटावरचा कर या माणसांच्या खिशातून जाणार आणि बदल्यात त्यांना काहीच मिळणार नाही. शीतपेयावरच्या कराबद्दल मला ही टोचणी नाही, कारण ते कुणाचं जेवण नसतं. मेच्या ४३-४४ अंशांत मात्र ते पाण्याच्या जागी येतं, आणि शाळेतला कूलर बंद असेल तर मुलगा बाटलीकडेच वळणार. तेव्हा करातून आलेले पैसे कुठे जातात यावर माझं मत अवलंबून आहे. शाळेत थंड, स्वच्छ पाणी येणार असेल तर माझी सही घ्या.

शिवाय कुठलाही कर घरच्या चहापर्यंत पोचत नाही. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, झाले ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५० ग्रॅमची वरची मर्यादा सांगते, आणि जमल्यास २५ च्या आत राहा म्हणते. यात गूळ आणि मधही मोजायचा. (गुळाचा चहा प्यायला की साखर 'बंद' झाली, असं मानणारे माझ्याच घरात दोघं आहेत.) तिथे सरकारनं डोकावू नये, या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. पण मग सरकारनं साखर वाटतानाही जरा विचार करावा. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला तेव्हा शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. सणाला गोड हवं, त्यावर माझं भांडण नाही. एवढंच, की ताटात काय पडावं यात सरकार आधीपासूनच हात घालून बसलेलं आहे.

लेबलाचा मुद्दा लोक किरकोळ समजतात. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. तुमच्याच दुकानातलं आंब्याच्या पेयाचं खोकं हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. समजा १०० मिलीमध्ये १२ ग्रॅम साखर लिहिली आहे. २०० मिलीचं खोकं असेल तर २४ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. शेजारच्या रकान्यात टक्केवारी दिसेल: ४८. वाचणाऱ्याला वाटतं, अजून निम्मा दिवस शिल्लक आहे. पण ते ४८ टक्के ५० ग्रॅमचे, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या हिशेबानं. खोकं पिणारा तिसरीतला पोरगा आहे, त्याला तेवढ्या कॅलरी लागतच नाहीत. २५ ग्रॅमचा हिशेब धरला तर त्याचा कोटा त्या खोक्यातच संपला. एकही शब्द खोटा न छापता चित्र निम्मं कसं करता येतं, ते इथे दिसतं. चिलीनं २०१६ मध्ये हा प्रश्न सोपा करून टाकला. साखर जास्त असेल तर पुड्याच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन, त्यात 'साखर जास्त' एवढंच. अशा पुड्यावर कार्टून नाही, शाळेत विक्री नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये पुड्यावर पौष्टिकतेनुसार तारे छापण्याच्या नियमाचा मसुदा आला. तारे म्हणजे शाबासकी झाली. अर्धा तारा मिळाला तरी तो ताराच दिसतो. मला काळा अष्टकोन हवा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो कळतो.

'हे आपल्याकडे चालणार नाही' म्हणणाऱ्यांना मी ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीची, आठवण करून देतो. तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा ५ टक्के होती, २०२१ ला ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ झाली. बेकरीवाले माझ्याकडे तणतणत आले होते, 'साहेब, खारीला पापुद्रेच सुटणार नाहीत.' आज सोलापुरात खारीला पापुद्रे सुटतात की नाही, ते तुम्हीच सांगा. कायदा चालला, कारण तो हजारो बेकऱ्यांच्या मागे धावला नाही. वनस्पती तूप बनवणारे मोजके कारखाने त्यानं गाठले. मिठात आयोडीन आलं तेही असंच, आणि आज त्याला कुणी निर्बंध म्हणत नाही.

एवढं सगळं मांडल्यावर माझा निवाडा असा. मिसेस बरोबर आहेत, पण बंदीपेक्षा कारखाना, लेबल आणि शाळेचं गेट या तीन जागा धराव्यात. वडिलांची भीती खरी आहे, पण तिचा पत्ता चुकलाय. तुम्ही मोठ्या माणसांबद्दल बरोबर आहात. सात वर्षांच्या मुलाला मात्र 'तुझी निवड' म्हणून सोडता येत नाही. बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात आपण १९९२ च्या कायद्यानं रोखलीच ना? तेव्हा कुणी बाळाच्या स्वातंत्र्याबद्दल बोललं नव्हतं.

आता तुमचं दुकान. नियम आल्यावर एका शाळेच्या मागच्या गेटबाहेर मी टेप लावली होती. टेप तीस मीटरची, म्हणून खडूनं खूण करून पुन्हा धरावी लागली. दुसरं टोक खुद्द दुकानदारानंच धरलं. मधली सुट्टी होती, पोरं गोळा झाली. एकानं विचारलं, 'काका, रस्ता मोठा होणार का?' दुकान ४६ मीटरवर निघालं. दुकानदार म्हणाला, 'साहेब, मागचं गेट बंदच असतंय की.' त्यानं माल आत नेला. शेजारचं दुकान ५३ मीटरवर होतं, त्याचा धंदा वाढला. तीन आठवड्यांनी मी तिथून गेलो, तर पहिल्या दुकानातल्या बरण्या पुन्हा दर्शनी आल्या होत्या. आणि शाळेच्या स्वतःच्या कॅन्टीनमध्ये समोसा आणि आंब्याचं खोकं दोन्ही होतं, टेप लावली असती तर अंतर शून्य. त्या नियमात आणखी एक ढिलाई आहे, 'जास्त साखर' म्हणजे नेमके किती ग्रॅम, हा आकडा तुमच्या हाती कुणी देत नाही.

म्हणून घाबरून सगळा माल फेकू नका. महिन्याभराची वही घ्या, शाळेच्या वेळेत कशावर किती सुटतं ते लिहा. बहुतेकांचा अंदाज चुकतो. फ्रीज कंपनीचा असेल तर अडचण मला ठाऊक आहे, त्यात दुसरं काही ठेवू देत नाहीत. एक दुकानदार सेल्समन यायच्या दिवशी ताकाच्या पिशव्या काउंटरखाली बर्फाच्या बादलीत लपवायचा. लहानसा स्वतःचा फ्रीज परवडत असेल तर ताक, पाणी, लिंबू-मीठ त्यात ठेवा. शेंगदाणे, फुटाणे, पेरूच्या फोडी मुलांच्या हाताच्या उंचीवर आणा, बाटल्या वर न्या. चिक्कीही ठेवा, पण तिला पौष्टिक म्हणून डोक्यावर घेऊ नका, तीही गुळाचीच.

आणि मिसेसच्या शाळेत मुख्याध्यापकांना एकदा विचारून घ्या, शाळा कोणकोणतं गेट वापरते. टेप गेटपासून धरायची असते, कंपाउंडच्या भिंतीपासून नाही.